जुन्या गाडीचे पार्ट: ठेवायचे, विकायचे की भंगारात द्यायचे?



मागच्या व्हिडिओत आपण डेड स्टॉकबद्दल बोललो. किराणा, कपडे, मोबाइल कव्हर अशी सोपी उदाहरणं घेतली. सगळ्यात अवघड उदाहरण मात्र मी मुद्दाम बाजूला ठेवलं होतं, ते म्हणजे जुन्या गाड्यांचे सुटे पार्ट. हा विषय व्हिडिओत नीट बसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, मधे थोडं गणित आहे.

चित्र ओळखीचं असेल. डोंबिवली, कल्याण किंवा ठाण्यात वडिलांचं नाहीतर काकांचं गॅरेज किंवा स्पेअर पार्टचं छोटं दुकान. ते आता थकलेत आणि गाळा तुमच्या हातात आलाय. तुम्हाला तिथे टू-व्हीलर सर्व्हिसिंग, कार वॉश, नाहीतर अगदी वेगळंच काहीतरी सुरू करायचंय. पण मागच्या भिंतीला छतापर्यंत रॅक आणि रॅकमध्ये प्रीमियर पद्मिनीचा माल. बाबा म्हणतात, "हे सोनं आहे, आता कुठे मिळत नाही." भंगारवाला म्हणतो, "किलोवर देता का?" तुम्ही दोघांच्या मधे उभे.

दुसरी बाजूही आहे. असं बंद पडणारं दुकान स्वस्तात उचलायचं आणि क्लासिक कारच्या पार्टचा धंदा सुरू करायचा, असा विचार काही जण करतायत. त्यांच्या खिशातले दीड-दोन लाख पणाला लागणार आहेत. हा लेख दोघांसाठीही आहे.

बाबा आणि भंगारवाला, दोघंही अर्धे बरोबर आहेत. कुठल्या खोक्याबाबत कोण बरोबर, एवढंच आपल्याला शोधायचंय.

एवढा माल आपल्याकडेच का?

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केली. कारखाना कुर्ल्याला. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि फियाट ११०० इथे बनायला लागली. पन्नासच्या दशकातल्या मॉडेलला आपले लोक 'डुक्कर फियाट' म्हणायचे. १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली, त्याच गाडीचं नाव बदलून आधी प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी. उत्पादन थांबलं ते २००१ च्या सुमारास. म्हणजे मूळ ढाचा तोच ठेवून जवळजवळ ३५ वर्षं एक गाडी चालली. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच गाडी, त्यामुळे रस्त्यावर गाड्या प्रचंड आणि रोजची झीजही प्रचंड.

कंपनीचा दुसरा कारखाना आपल्याकडे, कल्याण-शीळ रस्त्याला होता. डोंबिवलीत आजही 'प्रीमियर मैदान' म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. कुर्ला, भांडुप, ठाण्याचं वागळे इस्टेट, डोंबिवली आणि अंबरनाथची एमआयडीसी, या सगळ्या पट्ट्यात पार्ट बनवणारे, विकणारे आणि बसवणारे वाढले. एक गोष्ट लक्षात घ्या. तुमच्या वडिलांनी तो माल शौक म्हणून भरलेला नव्हता. त्या काळात तो रोज विकला जाणारा माल होता, आजच्या अ‍ॅक्टिव्हाच्या ब्रेक शूसारखा.

गिऱ्हाईक बदललं, माल तोच राहिला

आता मुख्य मुद्दा. मुंबईत टॅक्सीचं वय २० वर्षांपर्यंतच चालतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी कायद्याने संपली. पेपरात खूप भावुक लेख आले. पण पार्टच्या दुकानदारासाठी ही तारीख भावनेची नाही, हिशोबाची होती.

टॅक्सीवाला हा कसला गिऱ्हाईक होता? त्याची गाडी दिवसभर पळायची. त्याला ब्रेक शू, क्लच प्लेट, फॅन बेल्ट, वॉटर पंप किट, टाय रॉड एंड, सायलेन्सर लागायचा. तो महिन्याला यायचा, भाव करायचा, लोकल माल चालवून घ्यायचा. जाळीवरचा क्रोम गेला तर त्याला फरक पडत नव्हता. त्याला गाडी सकाळी सुरू व्हायला हवी होती, बस्स.

आजचं गिऱ्हाईक कोण? घरची पद्मिनी जपून ठेवणारा, आजोबांची डिलाइट पुन्हा उभी करणारा, रविवारी सकाळी गाडी बाहेर काढणारा माणूस. त्याची गाडी वर्षाला हजारभर किलोमीटर पळाली तरी खूप. त्याचे ब्रेक शू झिजणार कधी? पण त्याला दोन्ही बाजूंचे सारखे हेडलाइट रिंग हवे असतात. पुढची जाळी, बंपर, टेल लॅम्पच्या काचा, व्हील कॅप, दाराचे हँडल, खिडकीची ती छोटी तिकोनी काच, स्पीडोमीटर, हॉर्न रिंग, मागच्या डिकीवरचं मोनोग्राम. गाडीकडे पाहिल्यावर डोळ्यांना दिसतं ते सगळं.

थोडक्यात, झिजणाऱ्या मालाचं मोठं गिऱ्हाईक गेलं आणि दिसणाऱ्या मालाचं छोटं पण हौशी गिऱ्हाईक राहिलं. गंमत अशी की जुन्या दुकानात रॅकच्या पुढच्या, हाताशी येणाऱ्या कप्प्यात झिजणारा माल असतो, कारण पूर्वी तोच खपायचा. दिसणारा माल वर माळ्यावर, धूळ खात. बाबा ज्याला सोनं म्हणतात ते बहुतेक वेळा खालच्या कप्प्यातलं असतं आणि खरी किंमत माळ्यावर पडलेली असते.

याला कायद्याचीही साथ आहे. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी 'व्हीए' मालिकेच्या नंबरवर नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यात मोठे फेरफार चालत नाहीत. आणि ती रोज वापरायची नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच. १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीची झाली. म्हणजे इथून पुढे दरवर्षी आणखी काही पद्मिन्या या रांगेत येत जाणार. त्यांच्या मालकांना मूळ रूपातला माल लागेल, पण रोजच्या झिजेचा माल कमीच लागेल. वर सांगितलेला फरक आणखी वाढेल असं मला वाटतं.

तिसरं गिऱ्हाईक अनेकांच्या लक्षातच येत नाही: सजावटवाला. कॅफे, हॉटेल, शूटिंगचे सेट लावणारे. त्यांना चालणारा पार्ट नको, ओळखू येणारा पार्ट हवा. पद्मिनीचं बॉनेट, काळा-पिवळा दरवाजा, खाली पाडायचा तो जुना मेकॅनिकल मीटर. गॅरेजवाल्याच्या दृष्टीने चेपलेला दरवाजा म्हणजे पत्रा, सजावटवाल्याच्या दृष्टीने ती भिंतीवरची वस्तू.

कप्प्याचं भाडं काढा

"माल पडून आहे, खायला मागत नाही," हे वाक्य मी ट्रेनिंगमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता ते फळ्यावर लिहूनच सुरुवात करतो. पडून असलेला माल खायला मागतो. तो भाडं खातो.

आकडे समजण्यापुरते घेतलेत, तुम्ही तुमचे घाला. समजा गाळा २०० चौरस फुटांचा, भाडं महिना १२,०००. जुना माल एक चतुर्थांश जागा अडवतो. म्हणजे महिन्याला ३,००० आणि वर्षाला ३६,००० रुपये हा माल खातो. त्या जागेत रॅकचे ४० कप्पे बसलेत. ३६,००० भागिले ४०, म्हणजे एका कप्प्याचं वर्षाचं भाडं ९०० रुपये. हा आकडा खडूने रॅकवर लिहा.

आता पहिला कप्पा उघडा. ब्रेक शूचे १२ सेट. सेटला ४०० रुपये मिळतात, पण वर्षाला जेमतेम दोन जातात. वर्षाची विक्री ८००, भाडं ९००. सगळा माल संपायला सहा वर्षं लागतील. सहा वर्षांत मिळणार ४,८००, भाडं जाणार ५,४००. म्हणजे सगळा माल पूर्ण भावाने विकूनसुद्धा ६०० रुपये खिशातून गेले. तोच माल आज कुणी १५० रुपये सेटने उचलला तर १,८०० रोख हातात आणि कप्पा रिकामा. "चारशेचा माल दीडशेला?" असं बाबा म्हणतील. हो, दीडशेला.

दुसरा कप्पा. पुढच्या क्रोम जाळ्या, तीन नग, न वापरलेल्या. एकीला ३,५०० मिळतात आणि वर्षाला एकच जाते. भाडं वजा जाता वर्षाला २,६०० उरतात. हा कप्पा ठेवा. अजिबात घाई करू नका, भाव पाडू नका.

तिसरं उदाहरण जमिनीवरचं. एक जुना गिअरबॉक्स दोन कप्प्यांची जागा खातो, म्हणजे वर्षाला १,८००. तीन वर्षांत एखादा गिऱ्हाईक आला आणि ६,००० दिले, तरी भाडं ५,४०० गेलेलं असतं. सहाशे रुपयांसाठी तीन वर्षं त्याला ठेच लागत बसायचं? जड मालाबाबत मी म्हणूनच कडक आहे.

जागा स्वतःची आहे, भाडं द्यावं लागत नाही, म्हणून हे गणित आपल्याला लागू नाही, असं समजू नका. उलट तुमचं गणित जास्त कडक आहे. त्या पन्नास चौरस फुटांत टू-व्हीलरचा एक रॅम्प बसला असता आणि त्यातून महिन्याला खर्च जाऊन ८,००० सुटले असते, तर तुमच्या मालाचं भाडं महिना ३,००० नाही, ८,००० आहे. म्हणजे कप्प्याला वर्षाचे २,४००. जाळ्यांच्या कप्प्यात तरीही थोडं उरतं, बाकी फार कमी कप्पे टिकतील.

आणि आपल्याकडचा पाऊस विसरू नका. २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीकाठच्या भागात काय झालं ते कल्याण-बदलापूरच्या लोकांना सांगायला नको. तळमजल्याच्या गाळ्यात खालचे दोन कप्पे म्हणजे जोखीम. पूर आला नाही तरी चार महिन्यांची दमट हवा उघड्या लोखंडाला गंज आणि क्रोमला पुळ्या आणते. ठेवायचाय तो माल तेल किंवा ग्रीस लावून, कागदात गुंडाळून, जमिनीपासून वर. एवढं करायची तयारी नसेल तर तो माल तुम्ही ठेवत नाही आहात, हळूहळू भंगारात घालताय.

डब्यातसुद्धा म्हातारा होणारा माल

सीलबंद खोकं बघून फसू नका. रबर डब्यात पडल्या पडल्या कडक होतं, चिरतं. ऑइल सील, होज, ब्रेकच्या वॉशर, पेट्रोल पंपाचा पडदा, इंजिन माउंटिंग: वीस-पंचवीस वर्षांचं असेल तर नवीन असूनही जुनं. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं, जे त्या काळच्या रबरासाठी बनवलेलंच नव्हतं. ब्रेकचं जुनं रबर विकणं म्हणजे तर दुसऱ्याच्या जिवाशी खेळ. हे भावाचा विचार न करता बाजूला काढा. बिडाचा, अ‍ॅल्युमिनियमचा, पितळेचा, काचेचा माल मात्र नीट ठेवला तर टिकतो.

दुर्मिळ म्हणजे महाग नव्हे

इथे आपल्या कल्याणच्याच कारखान्याचं उदाहरण घेऊ. १९९४ मध्ये प्रीमियर आणि फ्रान्सची पेजो यांनी मिळून पाल-पेजो कंपनी काढली आणि इथे पेजो ३०९ बनवली. कामगारांचे वाद झाले, बाजारात स्पर्धा वाढली आणि १९९७ मध्ये पेजो बाहेर पडली. म्हणजे गाडी जेमतेम काही वर्षं बनली. आज रस्त्यावर ३०९ दिसली तर लोक वळून बघतात. तिचे पार्ट पद्मिनीपेक्षा कितीतरी दुर्मिळ आहेत.

मग महाग का नाहीत? कारण माल कमी आहे तसं गिऱ्हाईकही कमी आहे. भाव ठरवताना माल किती उरलाय हे नंतर पाहायचं, तो मागणारे किती उरलेत हे आधी. शिवाय ३०९ ही युरोपात मोठ्या संख्येने विकली गेलेली गाडी. ज्याला खरंच गरज आहे तो तिकडूनही पार्ट मागवू शकतो, तुमच्यावरच अडलेला नाही. प्रीमियरच्या ११८ एनईचंही थोडंफार असंच. १९८५ ला आलेली, फियाट १२४ ची बॉडी आणि निसानचं इंजिन असलेली चांगली गाडी. जपणारे लोक आहेत, पण पद्मिनीइतकी माया तिच्या वाट्याला आली नाही.

म्हणून प्रत्येक खोक्यापुढे एकच प्रश्न विचारा: हे घेणारा एक तरी माणूस मला माहीत आहे का, किंवा तो कुठे भेटेल हे सांगता येईल का? "कुणीतरी येईल" हे उत्तर धरायचं नाही.

बाबांना घेऊन बसा

इथे बरेच जण घाई करतात. बाबा गावाला गेले की टेम्पो बोलावतात. नात्याचं नुकसान तर होतंच, पण मी धंद्याचं बोलतो. कुठला पार्ट डिलाइटचा, कुठला नंतरच्या पद्मिनीचा, कुठला डिझेल १३७ डीचा, कुठला ओरिजिनल आणि कुठला लोकल, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. ते बाबांच्या डोक्यात असतं. नाव नसलेल्या पार्टची किंमत भंगाराइतकीच. "१९७० च्या दशकातल्या पद्मिनीचं डाव्या बाजूचं, न वापरलेलं" एवढं सांगता आलं की तोच पार्ट दसपट भावाने जाऊ शकतो.

तर चार रविवार काढा. बाबांना खुर्ची, चहा आणि समोर एकेक खोकं. तुम्ही मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा, प्रत्येक पार्टचा फोटो काढा, खोक्यावरचा नंबर टिपून घ्या, चिठ्ठी चिकटवा. त्यांना "हे टाकू का?" असं विचारू नका, "हे कुठल्या गाडीला लागतं?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नेहमी 'नाही' येतं. दुसऱ्या प्रश्नावर ते तासभर बोलतील आणि मधेच स्वतःच म्हणतील, "हे मात्र आता कोण घेणार!" तो कप्पा त्यांच्या हातूनच मोकळा होऊ द्या.

याच चार रविवारांत आणखी एक काम. प्रत्येक चांगल्या पार्टचा एक नग नमुना म्हणून वेगळा काढा, विशेषतः रबरी बीडिंग, दिव्यांच्या काचा, नॉब, हँडल. कडक झालेलं बीडिंग विकायला निरुपयोगी, पण साचा बनवायला सोन्यासारखं. आपल्या एमआयडीसीत रबर मोल्डिंग, क्रोम प्लेटिंग, डाय बनवणारे जॉबवर्कवाले आहेत. शंभर नग काढायची मागणी जमली तर नमुना हातात असलेलाच तो धंदा करू शकतो. तुमच्या मालातला पुढे वाढू शकणारा भाग कदाचित हाच. फक्त नवीन बनवलेल्या मालावर कंपनीचं नाव किंवा चिन्ह टाकायचं नाही आणि ओरिजिनल म्हणून विकायचं नाही. पहिलं ट्रेडमार्कचं प्रकरण होतं, दुसरी फसवणूक.

विकायचं कसं

ऑनलाइन जाहिरातीतला भाव म्हणजे विक्रीचा भाव नव्हे. कुणी हेडलाइट रिंग आठ हजाराला लावली असेल आणि ती दीड वर्ष तिथेच असेल, तर त्यातून एवढंच कळतं की आठ हजाराला ती जात नाही. खरा भाव विकत घेणाऱ्याकडून कळतो. पद्मिनी जपणाऱ्या लोकांचे व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक ग्रुप, मुंबईत भरणाऱ्या व्हिंटेज रॅली, आणि जुन्या गाड्या उभ्या करून देणारे मेकॅनिक. यातला मेकॅनिक सगळ्यात महत्त्वाचा. हौशी मालक वर्षाला एक पार्ट घेईल, मेकॅनिक पाच गाड्यांसाठी घेईल. त्याला थोडा कमी भाव द्या.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. एक हुशार गिऱ्हाईक येतो, अर्धा तास रॅक चाळतो, दहा नग बाजूला काढतो आणि म्हणतो, "या सगळ्याचे मिळून पंधरा हजार." एकदम रोख पंधरा हजार बघून आपण हो म्हणतो. तो मलई घेऊन गेला, तुमच्याकडे ताक राहिलं. उरलेला माल बघायलासुद्धा नंतर कुणी येत नाही, कारण त्या दहा नगांसाठीच लोक येणार होते. म्हणून दोनच पद्धती ठेवा. एक तर नगावर, प्रत्येकाचा पूर्ण भाव. नाहीतर लॉटवर, म्हणजे मलईबरोबर त्याला ब्रेक शूचे बाराही सेट उचलावेच लागतील. निवड त्याची आणि भाव लॉटचा, हे चालणार नाही.

माल विकत घेऊन धंदा सुरू करणाऱ्यांनी हेच उलट्या बाजूने वापरा. दुकानदार दीड लाख मागतोय. आधी सगळ्याचा भंगारभाव काढा, समजा ३५,००० आला. मग फक्त अशा पार्टची यादी करा ज्यांचं गिऱ्हाईक तुम्हाला आजच माहीत आहे. पहिल्या वर्षी त्यातून ५०,००० ची विक्री होईल असं वाटलं, तर त्याचे निम्मे, २५,००० धरा. ३५ अधिक २५, म्हणजे साठ हजार. त्यापुढे माझ्या विद्यार्थ्याने जाऊ नये असं मी सांगतो. दुकानदाराच्या आठवणींचे पैसे तुम्ही देऊ शकत नाही. त्या त्याच्यासाठी खऱ्या आहेत, पण तुमच्याकडे त्या विकायला येणार नाहीत.

परदेशात विकता येईल का, हेही विचारलं जातं. पद्मिनीचं मूळ इटलीतली फियाट ११०० डी, त्यामुळे तिकडच्या हौशी लोकांना काही यांत्रिक पार्ट उपयोगी पडू शकतात. पण इथे इतकी वर्षं बदल होत गेलेत, तेव्हा बसेलच असं गृहीत धरून पाठवू नका, मापं आणि फोटो आधी पाठवा. व्यवसाय म्हणून निर्यात करायची तर डीजीएफटीकडून आयईसी नंबर लागतो.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण वाचा.

नंबर असलेला पार्ट, म्हणजे इंजिन ब्लॉक किंवा चासीचा भाग, गाडीच्या आरसीची प्रत आणि विकणाऱ्याचं ओळखपत्र घेतल्याशिवाय विकत घेऊ नका. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. साधं खरेदीचं रजिस्टर ठेवा: तारीख, नाव, माल, रक्कम, सही. इंजिन विकताना गिऱ्हाईकाला सांगा की बदललेल्या इंजिनची नोंद त्याला आरटीओत करून घ्यावी लागेल.

जीएसटी. फक्त मालाची विक्री आणि तीही महाराष्ट्रातच असेल तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी बंधनकारक नाही. पण धंदा म्हणून इंदूर किंवा बंगळुरूच्या गिऱ्हाईकाला पार्ट कुरिअर केला की ती आंतरराज्य विक्री झाली, आणि तिथे ही सूट नाही. हौशी गिऱ्हाईक देशभर पसरलेलं असल्याने या धंद्यात ही अडचण लवकर येते. सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या पार्टवर सरसकट १८ टक्के दर आहे. मात्र वापरलेला माल घेऊन तसाच विकणाऱ्यांसाठी मार्जिन स्कीम आहे: खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतलं नसेल तर कर पूर्ण किमतीवर नाही, खरेदी आणि विक्रीतल्या फरकावर. यासाठी खरेदीची नोंद लागते, म्हणजे पुन्हा तेच रजिस्टर. तुमच्या सीएशी एकदा बसून घ्या.

जे उरलं ते

सगळं करून निम्म्याहून जास्त माल भंगारात जाईल, हे धरूनच चला. पण 'सगळं मिळून किलोवर' देऊ नका. लोखंड, बीड, अ‍ॅल्युमिनियम, तांबं, पितळ यांचे भाव खूप वेगळे असतात आणि मिसळलेला ढीग लोखंडाच्या भावानेच जातो. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असतात. स्टार्टर आणि डायनामोत तांब्याची तार असते. पद्मिनीच्या इंजिनचा ब्लॉक बिडाचा, पण हेड अ‍ॅल्युमिनियमचं. एक शनिवार वेगळं करण्यात घालवा, दोन-तीन भंगारवाल्यांकडून भाव घ्या, आणि वजन शक्यतो बाहेरच्या काट्यावर करा.

जुन्या ब्रेक शूच्या आणि क्लच प्लेटच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ते घासू नका, फोडू नका, त्यावर हवेचा पाइप मारू नका, पिशवीत बंद करून वेगळं ठेवा. बॅटऱ्या डीलरकडे किंवा अधिकृत रिसायकलरकडेच द्यायच्या. उरलेलं तेल गटारात नाही आणि रबर जाळायचं नाही. आपली हवा तशीच काही कमी खराब नाही.

आणि टेम्पो भरायच्या आधी रिकामी खोकी बाजूला काढा. प्रीमियरचं नाव छापलेली जुनी खोकी, पार्टचे कॅटलॉग, दुकानाच्या जुन्या बिलबुका, कंपनीची पत्र्याची पाटी. मूळ खोक्यात ठेवलेली जाळी उघड्या जाळीपेक्षा जास्त भावाने जाते. पाटी तर बहुतेक वेळा सगळ्यात आधी विकली जाते, आणि नेमकी तीच भंगारवाला फुकटात मागतो.